शांतता समितीला बारा महिने काम द्या

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. पोलीस महासंचालक,
तसेच सर्व पोलीस आयुक्त, पोलीस अधीक्षक, जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्त यांस

विषय : राज्यातील मोहल्ला कमिट्या कायमस्वरूपी आणि नियमबद्ध करण्याबाबत

महोदय,



गणेशोत्सव, ईद, शिवजयंती, रामनवमी, आंबेडकर जयंती यांपैकी कुठलाही दिवस आठवड्यावर आला की पोलीस ठाण्यांत शांतता समितीच्या बैठका सुरू होतात. बीट अंमलदार निरोप घेऊन फिरतो. ठाण्याच्या आवारात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात. पुढच्या रांगेत मंडळांचे अध्यक्ष, मशिदींचे विश्वस्त, आजी-माजी नगरसेवक आणि पत्रकार बसतात. आधी सत्कार होतात, मग भाषणे. आपल्या गावाला एकोप्याची परंपरा आहे, हे वाक्य प्रत्येक वक्ता एकदा तरी म्हणतो. कोणी मिरवणुकीच्या मार्गावरचे खड्डे दाखवतो, कोणी लोंबणाऱ्या तारा, कोणी बंद पडलेले दिवे. साहेब टिपून घेतात. चहा होतो, फोटो निघतो. सण पार पडला की ही माणसे पुन्हा एका जागी बसतात ती पुढच्या वर्षीच.

या बैठका बंद करा असे माझे म्हणणे नाही. बंदोबस्ताच्या दिवसांत सोळा-सोळा तास उभे राहणारे पोलीस आम्ही रोज पाहतो, त्यांच्या कष्टांबद्दल मनात आदरच आहे. यंत्रमागाच्या गावात शिक्षकी करण्यात माझे आयुष्य गेले आणि अशा समित्यांवरही बरीच वर्षे बसलो. त्या अनुभवावरून एकच गोष्ट आपल्यापुढे मांडायची आहे. वेगवेगळ्या धर्मांची, जातींची, भाषांची माणसे एका गावात राहतात, एकमेकांशी व्यवहार करतात, तेवढ्याने गाव एकजीव होत नाही. त्यांना नियमाने एकत्र बसायला जागा लागते आणि एकत्र करायला काम लागते. ती जागा आणि ते काम वर्षातून तीन-चार दिवस देऊन भागणार नाही, बारा महिने द्यावे लागेल. महाराष्ट्राने हे एकदा करून दाखवले आहे आणि पुढे हातचे सोडले आहे.

हे भिवंडीत घडले, म्हणून आधी भिवंडीबद्दल बोलतो. 1857 नंतर उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर, त्यांच्याही आधीपासूनचे कोकणी मुसलमान, आसपासच्या खेड्यांतले आगरी, तेलंगणातून आलेले पद्मशाली, सुताचा व्यापार करणारे गुजराती आणि मारवाडी, मागावर काम करायला उत्तर प्रदेश-बिहारमधून येणारे कामगार, असे हे गाव आहे. इथे कोणाचेच एकट्याचे चालत नाही. सूत एकाचे, त्याला खळ देणारी सायझिंग दुसऱ्याची, माग तिसऱ्याचे, त्यावर रात्रपाळी करणारा हात चौथ्याचा आणि तयार झालेले ग्रे कापड उचलणारा व्यापारी पाचवा. या साखळीतली एक कडी निखळली तरी सगळ्यांचे माग थांबतात. माणसे एकमेकांवर अवलंबून असली की भांडत नाहीत, हे खरे असते तर भिवंडीत कधीच दंगल व्हायला नको होती.

पण हिंदू-मुसलमान दंगल झाली. 7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत तिची ठिणगी पडली आणि तिचे पडसाद जळगाव-महाडपर्यंत उमटले. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने या दंगलींची तपशीलवार चौकशी केली. जातीय संघटनांनी आधीपासून तापवलेले वातावरण आणि पोलिसांच्या वागण्यातला पक्षपात, दोन्ही गोष्टी त्या अहवालात स्पष्ट नोंदल्या आहेत. मे 1984 मध्ये भिवंडी पुन्हा पेटली आणि आग ठाणे-मुंबईपर्यंत गेली. त्या वेळी तिन्ही ठिकाणी मिळून अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली. या दोन्ही वेळी सुताचा व्यापार चालू होता, उधारीची वही चालू होती, दोन्हीकडची माणसे एकमेकांच्या लग्नांना जात होती. दंगलीच्या रात्री यातले काहीच आडवे आले नाही. ओळख प्रत्येकाची प्रत्येकाशी होती. पण अफवा उठल्यावर दोन्हीकडच्या वीस-पंचवीस माणसांनी एकत्र उभे राहून गल्लीला 'हे खोटे आहे' असे सांगावे, अशी कुठलीच व्यवस्था नव्हती.

ती व्यवस्था 1988 च्या सुमारास उभी राहिली. भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी आधीच्या दंगलींचा अभ्यास केला आणि शहरभर मोहल्ला कमिट्या स्थापन केल्या. त्यांची संख्या सुमारे सत्तर होती. एका कमिटीत पन्नासच्या आसपास सभासद, त्यांत हिंदू आणि मुसलमान जवळपास निम्मे-निम्मे. पुढाऱ्यांना आणि गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या माणसांना दूर ठेवून गल्लीतली साधी माणसे घेतली गेली. प्रत्येक कमिटीशी ठरावीक पोलीस जोडलेले होते आणि बैठका ठरल्या दिवशी होत. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती या बैठकांची विषयपत्रिका. एकोपा हा विषय त्यात क्वचितच असे. नळावरची भांडणे, भाड्याच्या खोलीचे वाद, शेजाऱ्यांच्या कुरबुरी, तुंबलेली गटारे, असल्या रोजच्या गोष्टी तिथे येत. पोलिसांच्या वहीत अदखलपात्र म्हणून लिहिल्या जाणाऱ्या आणि तिथेच पडून राहणाऱ्या या तक्रारी. माणसे त्या सोडवायला एकत्र बसली आणि बसता बसता त्यांना एकमेकांचा स्वभाव कळला. कोण चटकन तापतो, कोणाचे कोण ऐकतो, कोणाचा शब्द कुठल्या गल्लीत चालतो, ही माहिती कुठल्याही गोपनीय अहवालापेक्षा पक्की असते.

6 डिसेंबर 1992 रोजी बाबरी मशीद पाडली गेली. त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबईत 900 माणसे मारली गेली, हा या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलेला आकडा आहे. तिथून काही कोसांवरची भिवंडी, जी दोनदा जळली होती आणि जिच्याबद्दल सगळ्यांना सगळ्यात जास्त भीती होती, ती या वेळी शांत राहिली. तोवर खोपडे बदलून गेले होते, पण त्यांच्यानंतरच्या अधिकाऱ्यांनी कमिट्या चालू ठेवल्या होत्या. मुंबई जळाली आणि भिवंडी का नाही, या प्रश्नावर खोपडे यांनी पुढे पुस्तकच लिहिले.

आशुतोष वार्ष्णेय या राज्यशास्त्रज्ञांनी 1950 ते 1995 या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींचा अभ्यास करून 2002 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. दंगली होणारी शहरे आणि तशीच वस्ती असूनही शांत राहणारी शहरे यांच्या जोड्या लावून त्यांनी तुलना केली. त्यांचा निष्कर्ष भिवंडीच्या अनुभवाला दुजोरा देतो. शेजारीपाजारी जाणे-येणे, सणाला शिरखुर्मा आणि फराळ पाठवणे या गोष्टी गोड असतात, खेड्यात त्या पुरतातही, पण शहरात ताण आला की त्या टिकत नाहीत. टिकतात त्या दोन्ही समाजांचे सभासद असलेल्या संस्था, म्हणजे व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालये, क्लब. आणि जिथे अशा संस्था आपसूक उभ्या राहिल्या नाहीत, तिथे शासनाला पुढाकार घेऊन त्या उभ्या करता येतात, याचे उदाहरण म्हणून भिवंडीचे नाव त्यांच्या ग्रंथात आहे.

आता एका कमिटीत हे काम प्रत्यक्ष कसे चालते ते सांगतो, म्हणजे मी काय मागतो आहे ते स्पष्ट होईल.

आमच्याकडे एका गल्लीत यंत्रमागाचा कारखाना आणि राहते घर यांच्यामध्ये एकच भिंत होती. कारखाना मुसलमान मालकाचा, घर तेलुगू कुटुंबाचे. मुलगी दहावीला होती आणि माग रात्रभर चालत. कुटुंबाने दोनदा सांगून पाहिले, एकदा तक्रारही नोंदवली. मग एका रात्री कारखान्याच्या पत्र्यावर दगड पडला. तो कोणी मारला हे शेवटपर्यंत कळले नाही. सकाळपर्यंत दोन वेगवेगळ्या गल्ल्यांत दोन वेगवेगळ्या बातम्या पोचल्या होत्या. एकीकडे आपल्या कारखान्यावर हल्ला झाला, दुसरीकडे आपल्या मुलीला त्रास देतात. दोन्ही वाक्यांत 'आपल्या' हा शब्द आला की पुढे काय होते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

कमिटीतल्या चौघांनी मालकाला रात्री दहा वाजता त्या घरात नेले आणि स्वयंपाकघरात उभे केले. भिंतीवरच्या फळीवर ठेवलेली स्टीलची भांडी किणकिणत होती आणि पातेल्यातल्या पाण्यावर बारीक तरंग उठत होते. भिंतीला भिंत लागून इतकी वर्षे काढली, पण ते गृहस्थ त्या घरात पहिल्यांदाच आले होते. ते काही वेळ उभे राहिले, ओट्यावर हात ठेवून पाहिला, मग म्हणाले, परीक्षा होईपर्यंत भिंतीलगतचे दोन माग रात्री बंद राहतील. परीक्षेनंतर त्या मागांच्या पायांखाली त्यांनी रबरी पट्ट्या बसवल्या. प्रकरण संपले. त्याची बातमी कुठे छापून आली नाही आणि कोणाचा सत्कारही झाला नाही. पण पुढे कधी काही उलटसुलट कानावर आले की ते कुटुंब आधी त्या मालकाला फोन करून विचारू लागले.

दंगलीच्या वेळी नेमकी अशाच फोनची गरज असते. कोल्हापुरात जून 2023 मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून रस्त्यावर लोक उतरले आणि इंटरनेट बंद करावे लागले. त्याच वर्षी अकोल्यात समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून हिंसा झाली. सप्टेंबरात सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीसारख्या गावात एका तरुणाचा जीव गेला. नागपुरात मार्च 2025 मध्ये अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लावावी लागली. शांतता समित्या अशा ठिकाणीही असतातच. पण मोबाइलवरचा मजकूर शहरभर फिरायला आता अर्धा तास पुरतो. त्या अर्ध्या तासात माणूस फक्त अशा माणसालाच फोन करतो, ज्याच्याबरोबर त्याने आधी काहीतरी काम केलेले असते. वर्षातून दोनदा सत्काराच्या वेळी ज्याला पाहिले, त्याला रात्री अकरा वाजता कोणी फोन करत नाही.

एकत्र काम करण्याची ही पद्धत बाहेरून आणलेली नाही, आपल्या मातीत ती जुनी आहे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे मोहरमचे उंच ताबूत पाहायला लांबून लोक येतात. ते बांधण्याचे आणि उचलण्याचे मान हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत अनेक दशके गणपती मशिदीत बसतो, कुरुंदवाडलाही तशी प्रथा आहे. वर्तमानपत्रे दर वर्षी हे फोटो कौतुकाने छापतात आणि छापावेतच. पण फोटोच्या मागे काय आहे तेही पाहावे. वर्गणी कोणी गोळा करायची, मांडव कोणी घालायचा, नमाजाच्या वेळी आरती किती वाजता करायची, बकरी ईद त्याच दिवसांत आली तर काय करायचे, हे सगळे त्या गावांत बसून ठरवलेले असते. मनांची भलाई तर आहेच, पण तिला कामाची वाटणी आणि बैठकीची शिस्त जोडलेली आहे, म्हणून ती तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोचली.

मुंबईचे ताजे उदाहरणही आपल्यासमोर आहे. 28 सप्टेंबर 2023 रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले. मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी बैठका घेऊन ईदचा जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचे ठरवले. 2024 आणि 2025 मध्येही दोन्ही दिवस जवळ आले आणि पुन्हा जुलूस पुढे नेला गेला. सरकारनेही त्यानुसार सुट्टीची व्यवस्था केली. लाखो माणसे रस्त्यावर येणारे दोन सोहळे शांततेत झाले, ते त्या आधीच्या बोलण्यांमुळे. पंचांग आणि, एखाद्या दिवसाच्या फरकाने, हिजरी कॅलेंडर दोन्ही कितीतरी वर्षे आधी मांडता येतात. कुठल्या वर्षी कुठले दोन दिवस एकत्र येणार हे माहीत असताना त्याची बोलणी आठ दिवस आधी का सुरू व्हावीत? वर्षभर चालणाऱ्या कमिटीत हा विषय सहा महिने आधी निघेल, आणि या वेळी कोणी एक पाऊल मागे घेतले तर पुढच्या वेळी दुसरा घेईल, हेही तिथेच ठरेल.

आता या वाटेवर जे चुकले त्याबद्दल. जुलै 2006 मध्ये भिवंडीतच, पोलीस ठाण्याच्या इमारतीसाठीच्या जागेवरून वाद पेटला. ती जागा कब्रस्तानची असल्याचा दावा होता. पोलिसांच्या गोळीबारात दोन नागरिकांचा मृत्यू झाला आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. ज्या गावाने 1992 ची परीक्षा पार केली, तिथेच हे घडले. तोवर मोहल्ला कमिट्यांचे पूर्वीचे चलनवलन उरले नव्हते. अधिकारी बदलत गेले, प्रत्येक नव्या साहेबाची आवड वेगळी, आणि बैठका सणांपुरत्या उरल्या. एका माणसाच्या कळकळीवर उभे राहिलेले काम तो माणूस गेल्यावर किती दिवस टिकते, याचे उत्तर भिवंडीने आपल्याला दोन्ही बाजूंनी दिले आहे.

मुंबईत 1994 नंतर पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांच्यासारख्यांनी मोहल्ला कमिटी चळवळ उभी केली. दंगलग्रस्त वस्त्यांतले तरुण आणि पोलीस यांचे क्रिकेट सामने त्यातूनच सुरू झाले. ही चळवळ नागरिकांच्या जिद्दीवर चालली. पण नागरिकांच्या जिद्दीवर सगळा भार टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही.

काही आक्षेप मला माहीत आहेत. ते खरेच आहेत, म्हणून त्यांच्यावर बोलतो.

पहिला आक्षेप असा की अशा कमिट्या दलालांचे अड्डे होतात. छातीवर बिल्ला लावून ठाण्यात ये-जा करणारी माणसे आम्हीही पाहिली आहेत. म्हणून सभासदत्वाची मुदत ठरावीक हवी, यादी जाहीर हवी आणि पक्षाचा पदाधिकारी किंवा गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेला माणूस कमिटीत नको.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. तडजोडीच्या नावाखाली दुबळ्या माणसाला गप्प बसवले जाते. 15 ऑगस्ट 2007 रोजी आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावाने आपले तंटे आपण मिटवावेत ही कल्पना मोठी होती आणि अनेक गावांना तिचा फायदाही झाला. पण लोकसंख्येनुसार बक्षीस ठेवले की मिटलेल्या तंट्यांचे आकडे मोजले जातात, आणि आकडे मोजले जातात तिथे तक्रार मागे घ्यायला लावण्याचा मोह होतोच. म्हणून नियम स्पष्ट असावा. मारहाण झालेल्या बाईची तक्रार, जातीवरून केलेला छळ, लहान मुलांवरचा अत्याचार, कुठलाही दखलपात्र गुन्हा, या गोष्टी कमिटीपुढे येऊच नयेत. तिथे गुन्हा नोंदवणे हेच पोलिसांचे काम आहे. मोहल्ला कमिटीला बक्षीसही नको. तिने किती वाद मिटवले यापेक्षा ती वर्षात किती वेळा बसली हे विचारा.

तिसरा आक्षेप मनुष्यबळाचा. ठाण्यात आधीच माणसे कमी आहेत. पण संचारबंदीच्या आठवड्यात राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकड्या मागवाव्या लागतात, सुट्ट्या रद्द होतात, अधिकारी घरी जात नाहीत. त्या मनुष्यबळाच्या तुलनेत महिन्यातली दोन तासांची बैठक काहीच नाही.

या सगळ्याचा विचार करून आपल्याकडे पुढील मागण्या करतो.

1. मोहल्ला कमिट्यांसाठी स्वतंत्र शासन निर्णय काढावा. बैठक महिन्यातून किमान एकदा, ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या जागी व्हावी, आणि इतिवृत्त ठाण्याबाहेरच्या फलकावर लागावे. अधिकारी बदलला तरी बैठक चुकू नये. पोलीस अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ मिळावा असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्येच सांगितले आहे. तेही पाळले जावे.

2. सभासद गल्लीतले असावेत आणि वस्तीत जे जे समाज राहतात ते सगळे त्यात असावेत. केवळ हिंदू-मुसलमान नव्हे, दलित वस्ती, भटके-विमुक्त, ख्रिस्ती, परप्रांतीय कामगार, सगळे. निम्म्या स्त्रिया असाव्यात. पाणी, शाळा, रात्रीचा आवाज या गोष्टी त्यांनाच आधी कळतात. पंचवीस वर्षांखालचे तरुण हवेतच. कारण स्टेटस ठेवणारा मुलगा विश्वस्तांचे ऐकत नाही, आपल्या वयाच्या मुलाचे ऐकतो.

3. कमिटीच्या बैठकीला महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा अधिकारी हजर असावा. गटार, नळ, कचरा, दिवे या तक्रारी पोलिसांच्या अखत्यारीत येत नाहीत. त्या सुटल्या नाहीत तर लोक महिनाभरात यायचे बंद होतील. 74 व्या घटनादुरुस्तीने शहरांना प्रभाग समित्या दिल्या आहेत. मोहल्ला कमिटीची तक्रार थेट तिथे जावी आणि तिचे उत्तर लेखी यावे.

4. प्रत्येक कमिटीत अफवेसाठी चार-पाच जणांचा गट असावा, दोन्ही-तिन्ही समाजांतला. आक्षेपार्ह मजकूर दिसताच तो खरा की खोटा हे पोलिसांना विचारून गटाने तासाभरात गल्लीला सांगावे. त्यासाठी ठाण्यात एक जबाबदार अधिकारी नेमावा, जो फोन उचलेल. कमिटीच्या सभासदाला खबऱ्या म्हणून मात्र कधीही वापरू नये. एकदा तसे झाले की त्या माणसावरचा गल्लीचा विश्वास संपतो.

5. शाळांपासून सुरुवात करावी. मुंबई महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते, भिवंडी-मालेगावातही मराठी आणि उर्दू माध्यमांची मुले जवळजवळच्या इमारतींत शिकतात. त्यांची मैदाने, स्नेहसंमेलने, सहली एकत्र का नसाव्यात? कबड्डीच्या संघात वेगवेगळ्या माध्यमांची मुले एकत्र खेळली तर दहा वर्षांनी त्यातलीच मोहल्ला कमिटीत बसतील. यासाठी नवी योजना लागत नाही, शिक्षण विभागाचे एक परिपत्रक पुरेल.

एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. कमिट्या न्यायाची जागा घेऊ शकत नाहीत. श्रीकृष्ण आयोगाने 1998 मध्ये अहवाल दिला. त्यात नावानिशी ठपके होते आणि पोलीस दलासाठी शिफारशीही होत्या. नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बेपत्ता माणसांच्या वारसांच्या भरपाईसाठी आणि रखडलेल्या प्रकरणांसाठी आदेश द्यावे लागले, तीस वर्षांनंतर. ज्याचे घर जळाले त्याला भरपाई मिळत नाही, ज्याने जाळले तो मोकळा फिरतो, आणि घर जळालेल्या त्याच माणसाला आपण एकोप्याच्या बैठकीला बोलावतो, तर तो येणार नाही, आणि त्याने का यावे? चिथावणीखोर भाषण करणारा कुठल्याही पक्षाचा, कुठल्याही धर्माचा असो, त्याच्यावर वेळेवर गुन्हा नोंदवला जातो हे लोकांनी पाहिले पाहिजे. कायदा सगळ्यांना सारखा लागतो, यावर विश्वास बसल्यावरच माणसे शेजाऱ्याशी मोकळेपणाने बोलतात.

महोदय, 1992-93 नंतर मुंबई-ठाण्यात कितीतरी कुटुंबांनी मिश्र वस्त्या सोडल्या आणि आपल्या माणसांत जाऊन राहिली. घर भाड्याने घेताना आडनाव विचारले जाते, हे शहरात कोणापासून लपलेले नाही. जिथे भिंतीला भिंत लागून वेगवेगळी माणसे राहतात अशा गल्ल्या कमी होत चालल्या आहेत. एक पिढी अशी वाढते आहे जिने दुसऱ्या धर्माच्या माणसांच्या घरातले स्वयंपाकघर पाहिलेलेच नाही. वस्त्या पूर्ण वेगळ्या झाल्यावर कमिट्या काढायला बसलो तर त्यात निम्मी-निम्मी माणसे मिळणार नाहीत. अजून मिळतात. म्हणून हे काम आत्ताच व्हायला हवे.

मालेगावात 8 सप्टेंबर 2006 रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, बॉम्बस्फोटांत तीसहून अधिक माणसे गेली. गावात दंगल व्हावी असा कोणाचा हेतू असेल तर तो फसला. लोक दवाखान्यांकडे धावले, रक्त द्यायला दोन्हीकडची माणसे आली. म्हणजे लोकांत ताकद आहे. कसोटीच्या दिवशी ती आपोआप दिसेल असे गृहीत धरणे मात्र धोक्याचे आहे. तिला रोजचे काम द्यायला हवे.

हा शासन निर्णय निघाला, तर पहिली बैठक ज्या महिन्यात एकही मोठा सण नाही, निवडणूक नाही, तणाव नाही अशा महिन्यात बोलवावी आणि तिच्या विषयपत्रिकेवर गटार, नळ आणि रात्रीचा आवाज एवढेच असावे. माझ्यासारखी निवृत्त माणसे, बचत गटांतल्या बायका, रिक्षाचालक, दुकानदार, मौलवी, पुजारी, मंडळांची पोरे, आम्ही वेळ द्यायला तयार आहोत. काम करणारी माणसे प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांना नियमाचा आधार देणे आपल्या सहीवर अवलंबून आहे, आणि ती सही आपण करावी एवढीच कळकळीची विनंती.

आपला नम्र,
यंत्रमागाच्या गावातला एक निवृत्त शिक्षक